प्रश्नाची परीक्षा

परीक्षेचा निकाल लागला म्हणजे आपल्या घराघरांतून एक ठरावीक प्रसंग घडतो. आजोबा चष्मा पुसून प्रश्नपत्रिका हाती घेतात, वडील उत्तरसूची उघडतात, काका मागून डोकावतात, आणि मुलास समोर बसवून "अरे, हा तर किती सोपा प्रश्न! हा कसा चुकलास?" अशी उलटतपासणी सुरू होते. ह्या न्यायसभेत मुलगा आरोपी, वडीलधारी मंडळी न्यायाधीश, आणि प्रश्न हा मुख्य साक्षीदार. त्या साक्षीदाराच्या एका शब्दावर मुलास मठ्ठ, आळशी किंवा निष्काळजी ठरविले जाते. पण साक्षीदार स्वतः विश्वासार्ह आहे किंवा नाही, हे पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. छापलेला प्रश्न चुकीचा कसा असेल, अशी आपली भाबडी श्रद्धा असते. वस्तुतः प्रश्नाचीही परीक्षा घेता येते, तिला निश्चित शास्त्र आहे, आणि त्यास लागणारे गणित त्रैराशिकाच्या फारसे पलीकडचे नाही. ते शास्त्र घरी बसून पडताळता यावे इतपत सांगण्याचा ह्या लेखाचा उद्देश आहे.

आपल्याकडील जुन्या पाठशाळांत प्रश्नाची अशी चिकित्सा करण्याचे कारणच पडत नसे. मिथिलेच्या नैयायिकांत शलाकापरीक्षा प्रसिद्ध होती. पोथीच्या पानांत सळई खुपसावयाची आणि ती ज्या पानापर्यंत पोचेल त्यावरील विषयाचे विवरण विद्यार्थ्याने करावयाचे. सळईला पक्षपात ठाऊक नाही. शिवाय परीक्षा समोरासमोर होई. शिष्य प्रश्नाचाच अर्थ विचारू शके, शंका काढू शके, किंबहुना पूर्वपक्षच सदोष आहे असे दाखवून गुरूंची शाबासकीही मिळवू शके. छापील प्रश्नास शंका विचारण्याची सोय नाही. त्यातून चार पर्यायांपैकी एकाचे वर्तुळ काळे करावयाची पद्धत आल्यापासून तर विद्यार्थ्याचे तोंडच बंद झाले. ही पद्धत अमेरिकेत १९१५ च्या सुमारास फ्रेडरिक केली ह्या शिक्षणशास्त्रज्ञाने कॅन्सस संस्थानातील वाचनपरीक्षेसाठी रूढ केली. हेतू चांगला होता. एकच उत्तरपत्रिका दोन परीक्षकांकडे गेली तर एक तीस गुण देई व दुसरा पन्नास, हा अनर्थ त्यास थांबवावयाचा होता, आणि तो थांबलाही. परीक्षकाच्या लहरीतून मुलांची सुटका झाली. पण लहर नाहीशी झाली नाही. ती उत्तर तपासणाराकडून प्रश्न काढणाराकडे गेली इतकेच.

ह्या विषयात मराठी मुलखाचे पाऊल मागे नव्हते, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसेल. पॅरिस येथे आल्फ्रेड बीने व त्यांचे सहकारी थिओडोर सिमाँ ह्यांनी १९०५ साली मुलांची बुद्धी मापण्याची प्रश्नमाला तयार केली. शाळेत मागे पडणारी मुले कोणती व त्यांस निराळे शिक्षण कसे द्यावे, ह्याचा विचार करण्याकरिता फ्रेंच सरकारने जी समिती नेमली होती तिच्या कामातून ती निघाली. ती प्रश्नमाला अमेरिकेत सुधारली गेली, आणि पुढे तत्कालीन मुंबई इलाख्यातील धारवाड येथे डॉ. व्ही. व्ही. कामत ह्यांनी ती मराठी व कानडी बोलणाऱ्या मुलांसाठी नव्याने बसविली. त्यांचा ह्यावरील निबंध १९३४ साली इंग्लंडातील शैक्षणिक मानसशास्त्राच्या नियतकालिकात आला, आणि ग्रंथ १९४० साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रसिद्ध केला. बीने-कामत कसोटी हे नाव भारतातील मानसोपचारतज्ज्ञांच्या तोंडी अद्यापि आहे. हजाराहून अधिक मुलांस एकेक समोर बसवून प्रश्न विचारावयाचे, ही त्या काळी केवढी मेहनत असेल, ह्याची कल्पना ज्याने एका वर्गाची तोंडी परीक्षा घेतली आहे त्यालाच येईल.

एवढी मेहनत कशासाठी? नुसते भाषांतर करून का भागले नसते? ह्या प्रश्नाच्या उत्तरातच आमच्या विषयाचे मर्म आहे. बीने ह्यांची युक्ती मोठी मार्मिक होती. अमुक प्रश्न सोपा की अवघड, हे प्रश्न काढणाऱ्या पंडिताने ठरवावयाचे नाही, मुलांनी ठरवावयाचे. समजा, एक प्रश्न सहा वर्षांच्या शंभर मुलांपैकी ४० जणांस, सात वर्षांच्या शंभरांपैकी ७० जणांस व आठ वर्षांच्या शंभरांपैकी ९० जणांस सुटला. तर तो सात वर्षांच्या मुलाचा प्रश्न होय. आता दुसरा प्रश्न घ्या. तो सहा वर्षांच्या मुलांत ५० जणांस, सात वर्षांच्यात ५२ जणांस व आठ वर्षांच्यात ४९ जणांस सुटला. हा प्रश्न वाचावयास कितीही शहाणपणाचा दिसो, तो टाकून दिला पाहिजे. कारण मूल मोठे झाले, त्याची समज वाढली, ह्याची त्या प्रश्नाला दादच नाही. तो दुसरेच काही तरी मोजतो आहे. आणि भाषांतर का चालत नाही, तेही ह्यावरून कळेल. बीने ह्यांच्या मालेत नाणी मोजण्याचा एक प्रश्न होता. पॅरिसमधील मुलाच्या रोजच्या हाताळण्यातले सू धारवाडच्या मुलापुढे ठेवले तर त्याची बुद्धी मोजली जात नाही, त्याचे परदेशगमन मोजले जाते. नाणे बदलावे तर प्रश्नाचे काठिण्यही बदलते. म्हणून प्रत्येक प्रश्न पुन्हा येथल्या मुलांपुढे ठेवून पाहणे भाग पडते.

शाळेतल्या परीक्षेत सगळी मुले एकाच वयाची. तेव्हा वयाच्या जागी दुसरी काही पट्टी हवी. ती म्हणजे त्या मुलाचे एकंदर गुण. सगळ्या पत्रिकेत जी मुले वर आली त्यांस एखादा प्रश्न अधिक प्रमाणात सुटावा आणि जी खाली राहिली त्यांस कमी प्रमाणात सुटावा, एवढीच अपेक्षा. येथे न्यायशास्त्र शिकलेला वाचक लगेच हटकेल की, हा तर अन्योन्याश्रय दोष झाला! प्रश्नांवरून मुलांची परीक्षा, आणि त्याच मुलांवरून प्रश्नांची. आक्षेप रास्त आहे. त्यावर उपाय असा की, ज्या प्रश्नाची तपासणी चालली आहे त्याचा गुण त्या मुलाच्या बेरजेतून वजा करावा. पन्नास प्रश्नांच्या पत्रिकेत एका प्रश्नाचा वाटा इतका अल्प असतो की वर्गशिक्षकाने हे न केले तरी फारसे बिघडत नाही. मात्र सगळी पत्रिकाच कुचकामाची असेल तर हे गणित तिला वाचवू शकत नाही, हे मान्य केले पाहिजे. वाईट पत्रिकेशी जुळणारा प्रश्न चांगला ठरेल, आणि तिच्याशी न जुळणारा एकुलता एक चांगला प्रश्न वाईट ठरेल!

सांप्रत आमचे वास्तव्य भिवंडी तालुक्यातील अकलोली येथे आहे. वज्रेश्वरीच्या यात्रेस आलेल्या मंडळींस हे गाव तानसेकाठच्या उष्णोदकाच्या कुंडांमुळे ठाऊक असेल. तेव्हा उदाहरण येथलेच घेऊ. आकडे केवळ समजुतीसाठी कल्पिले आहेत. समजा, चाळीस मुलांच्या वर्गास असा प्रश्न घातला: "अकलोलीच्या कुंडांतील पाणी कशामुळे उष्ण असते?" पर्याय चार: सूर्याच्या तापाने, भूगर्भातील उष्णतेने, खाली गंधक जळत असल्याने, गावकरी चुली पेटवीत असल्याने. खरे उत्तर दुसरे. पावसाचे पाणी काळ्या खडकाच्या भेगांतून खोल उतरते, तेथील उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगांनी वर येते. कोकणपट्टीत पालघरकडील सातिवलीपासून खाली राजापूरपर्यंत जी उन्हाळी आहेत त्यांची कथा हीच. (वज्रेश्वरीने मारलेल्या दैत्यांच्या रक्ताचे हे पाणी झाले, ही आख्यायिका येथे सर्वांस ठाऊक आहे, तिला पर्यायांत घालून मुलांस आजीविरुद्ध साक्ष द्यावयास लावणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.)

चाळीसांपैकी २४ मुलांचे उत्तर बरोबर आले. २४ भागिले ४० म्हणजे ०.६०. ह्यास काठिण्यमूल्य म्हणतात. नाव काठिण्याचे आणि मोजमाप सोपेपणाचे, असा हा विचित्र प्रकार आहे. आकडा जितका मोठा तितका प्रश्न सोपा. सुलभतामूल्य म्हटले असते तर शिक्षकांचा गोंधळ तरी वाचला असता. असो. आता उत्तरपत्रिका एकूण गुणांप्रमाणे उतरत्या क्रमाने रचाव्यात, वरच्या ११ व खालच्या ११ वेगळ्या काढाव्यात, मधल्या १८ बाजूस ठेवाव्यात. अकराच का? वरचे व खालचे शेकडा सत्तावीस घेतले असता तुलना सर्वांत विश्वसनीय होते, असे ट्रूमन केली ह्या दुसऱ्या केलींनी १९३९ साली गणिताने दाखविले. चाळीसांचे शेकडा सत्तावीस म्हणजे जवळजवळ अकरा. वरच्या अकरांत ९ जणांचे उत्तर बरोबर, खालच्या अकरांत ४ जणांचे. वजाबाकी ५, तिला ११ ने भागले की ०.४५. हे झाले भेदनमूल्य, म्हणजे जाणता व न जाणता ह्यांत भेद करण्याची प्रश्नाची शक्ती. रॉबर्ट एबेल ह्या अमेरिकन शिक्षणपंडिताने घालून दिलेल्या प्रमाणानुसार ०.४० च्या वर असलेला प्रश्न उत्तम, ०.३० च्या वर चांगला, ०.२० च्या आसपास असेल तर दुरुस्तीस पात्र, आणि त्याखाली असेल तर टाकाऊ समजावयाचा.

तेव्हा आमचा प्रश्न उत्तम ठरला. पण तपासणी येथे थांबवू नये. चुकलेल्या मुलांनी काय उत्तर दिले? गंधकाचा पर्याय वरच्यांपैकी दोघांनी व खालच्यांपैकी पाचांनी घेतला. सूर्याचा खालच्या दोघांनी. चुलींचा पर्याय एकानेही घेतला नाही. गंधक हा खरा चकवा. कुंडापाशी वास येतो, म्हणून खाली गंधक जळत असावे, असा पुष्कळ मोठ्या माणसांचाही समज आहे. तेव्हा ज्याने ऐकीव माहितीवर विसंबून राहण्याऐवजी धडा वाचला आहे तो मुलगा ह्या चकव्यातून सुटतो. उलट चुलींचा पर्याय म्हणजे नुसती भरती. प्रश्न काढणारे चवथ्या पर्यायापाशी येईतो थकलेले असतात आणि काही तरी हास्यास्पद लिहून मोकळे होतात. त्याचा परिणाम असा की प्रश्न नावाला चौपर्यायी राहतो, खरा तिपर्यायी होतो, आणि डोळे मिटून बोट ठेवणाऱ्याचे नशीब चारांत एक होते ते तिघांत एक होते. हा हिशेब एकदा केला म्हणजे पुढच्या वर्षी चुली काढून तेथे दुसरा काही समज घालावयाचा, हे शिक्षकास आपोआप सुचते.

आता अधिक गंभीर प्रकार पाहू. बुद्धिमत्ता चाचणीत ‘गटात न बसणारा शब्द ओळखा’ ह्या जातीचे प्रश्न फार असतात. समजा, चार नावे दिली: तानसा, भातसा, काळू, उल्हास. प्रश्न काढणाराचे उत्तर उल्हास. कारण उल्हास ही मुख्य नदी, बाकीच्या तीन उपनद्या. हिशेब मांडून पाहावे तो वरच्या अकरांत ३ जणांनीच उल्हास लिहिले, आणि खालच्या अकरांत ६ जणांनी! भेदनमूल्य उणे ०.२७. म्हणजे ज्यांस काही येते त्यांनी गुण घालविले, आणि ज्यांस येत नाही त्यांनी मिळविले. वरच्या ७ मुलांनी एकमताने तानसा लिहिले आहे. त्यांस मूर्ख म्हणण्यापूर्वी नकाशा उघडावा. भातसा काळूस मिळते, काळू उल्हासेस मिळते; तानसा मात्र वैतरणेस मिळते. तीन नद्या एका खोऱ्यातल्या, चवथी दुसऱ्या खोऱ्यातली! मुलांचे उत्तर प्रश्न काढणाराच्या उत्तराइतकेच, कदाचित कांकणभर अधिक, सयुक्तिक आहे. मग खालच्या सहांनी उल्हास का लिहिले? बहुधा ते नाव कानास निराळे लागले म्हणून. शिवाय ज्याच्या दारावरून तानसा वाहते त्या अकलोलीच्या मुलास हे खोऱ्याचे ज्ञान सहज असेल आणि पुण्याच्या मुलास नसेल. तेव्हा तोच प्रश्न पुण्यात कदाचित निर्दोष ठरेल आणि येथे सदोष. सारख्याच कुवतीची दोन गावची मुले घेऊन एखादा प्रश्न एका गावास झुकते माप देतो की काय, हेही आकड्यांनी पडताळता येते. धारवाडच्या नाण्यांचाच हा दुसरा अवतार.

उणे भेदनमूल्याचा प्रश्न म्हणजे घराला लागलेल्या वाळवीसारखा. बाहेरून काही दिसत नाही. पण गुणपत्रिकेत अशा तीन प्रश्नांचे गुण मिसळले की दोन मुलांचा क्रम उलटापालटा होतो, आणि ज्याची शिष्यवृत्ती गेली त्यास कशामुळे गेली हे कधीच कळत नाही. घरी मात्र तोच बोलणी खातो.

काठिण्याविषयी एक गैरसमज दूर केला पाहिजे. अवघड पत्रिका म्हणजे भारदस्त पत्रिका, अशी पुष्कळ शिक्षकांची व त्याहून अधिक पालकांची समजूत असते. चाळीस मुलांपैकी २० जणांस सुटलेला प्रश्न २० गुणिले २०, म्हणजे ४०० जोड्यांत भेद करतो: प्रत्येक जोडीत एक जाणणारा, एक न जाणणारा. ३६ जणांस सुटलेला प्रश्न ३६ गुणिले ४, म्हणजे १४४ जोड्यांतच भेद करतो. आणि चौघांसच सुटणारा, ज्याला आपण भारदस्त म्हणतो तो, तितक्याच. कोणासच न सुटणारा प्रश्न एकाही जोडीत भेद करीत नाही. त्याने परीक्षकाच्या विद्वत्तेची जाहिरात होते, एवढेच. चार पर्यायांच्या प्रश्नात नुसत्या अंदाजानेही चौथा हिस्सा मुले बरोबर ठरतात. म्हणून तेथे मध्य ०.५० वर न धरता ०.२५ व १ ह्यांच्या मधोमध, म्हणजे ०.६२ च्या सुमारास धरावा, असे जाणकार सांगतात. अर्थात् हे सारे क्रम लावावयाच्या स्पर्धापरीक्षेपुरते. वर्गातल्या घटक चाचणीत सगळ्या मुलांस पाढ्याचा प्रश्न सुटला, तर त्याचे भेदनमूल्य शून्य येईल; पण तो शिक्षकाचा विजय आहे, प्रश्नाचा दोष नव्हे. तसेच पत्रिकेच्या आरंभीचे एकदोन सोपे प्रश्न भेद करीत नसले तरी घाबरलेल्या मुलाचा हात चालता करतात. आकड्यांच्या नादी लागून ते काढून टाकणारा शिक्षक आमच्या मते मुलांस ओळखत नाही.

आणखी एक सावधगिरी. अकरा-अकरा मुलांच्या तुलनेत एका मुलाने उत्तर बदलले तर भेदनमूल्य ०.०९ ने हलते. तेव्हा एका वर्गाच्या एका परीक्षेवरून प्रश्नास फाशी देऊ नये. दोनतीन वर्षांचे आकडे जमवावेत. लाखो परीक्षार्थी बसतात तेथे ही अडचण नाही, आणि संगणक हे सर्व क्षणात करून देतो. तेथे पुढच्या पायरीचे गणितही चालते. डेन्मार्कचे गणितज्ञ गेओर्ग राश ह्यांनी १९६० साली जी उपपत्ती मांडली तिच्या योगे मुलाची कुवत व प्रश्नाचे काठिण्य ही एकाच मोजपट्टीवर बसविता येतात. त्या खोलात आज शिरत नाही.

एवढे वाचून कोणास वाटेल की, मग काय, आकडे मांडले की प्रश्नांची शुद्धाशुद्धता आपोआप निवडली जाईल. तसे नाही. १९८२ साली अमेरिकेतील महाविद्यालय-प्रवेशाच्या परीक्षेत पुढील प्रश्न आला होता: लहान वर्तुळाची त्रिज्या मोठ्याच्या एकतृतीयांश आहे, लहान वर्तुळ मोठ्याच्या कडेने घरंगळत निघाले, तर मूळ जागी येईपर्यंत स्वतःभोवती किती फेरे घेईल? परीक्षामंडळाचे उत्तर होते ३. परीघ तिप्पट, म्हणून फेरे तीन. आपल्यापैकी पुष्कळजण असेच म्हणतील. खरे उत्तर ४ आहे, आणि ते दिलेल्या पर्यायांत नव्हतेच! खरे वाटत नसेल तर रुपयाची दोन सारखी नाणी घ्यावीत, एक स्थिर धरावे व दुसरे त्याच्या कडेने न घसरता फिरवावे. परीघ सारखे असूनही नाणे एक नव्हे, दोन फेरे घेते. कारण घरंगळण्याच्या फेऱ्यांत प्रदक्षिणेचा स्वतःचा एक फेरा मिळतो. सुमारे तीन लाख विद्यार्थ्यांनी ती परीक्षा दिली होती. चूक लेखी कळविली ती तिघांनी. प्रश्न रद्द झाला आणि सर्वांचे गुण पुन्हा मोजावे लागले.

आता विचार करा. ह्या प्रश्नाचे भेदनमूल्य काढले असते तर ते काय आले असते? हुशार मुलांनी भराभर त्रैराशिक करून ३ लिहावे आणि बाकीच्यांनी वाटेल ते लिहावे, असाच प्रकार झाला असणार. म्हणजे प्रश्न उत्तम म्हणून पार पडला असता. बहुमताने हुशार मुले परीक्षकाच्याच चुकीत सामील असली की आकडा गप्प बसतो. भेदनमूल्य हे कोणाचे कोणाशी जुळते हे सांगते. खरे काय ते सांगत नाही. वैद्य नाडीवरून ज्वर आहे म्हणून सांगतो, पण नाडी चांगली म्हणून दात किडलेला नाही असे ठरत नाही. प्रश्न चुकीचा असल्याचा संशय आकड्यांवरून पुष्कळदा येतो. तो बरोबर असल्याची खात्री मात्र विषय जाणणाऱ्या माणसानेच करून घ्यावी लागते.

आपल्याकडे असे प्रकार अलीकडे वारंवार घडत आहेत. २०२४ सालच्या वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेत अणूंच्या स्थैर्याविषयी पदार्थविज्ञानाचा एक प्रश्न होता. जुन्या पाठ्यपुस्तकात एक विधान होते, नव्यात ते सुधारलेले होते. परीक्षा घेणाऱ्या संस्थेने दोन्ही उत्तरे ग्राह्य धरली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, जुलैत दिल्लीच्या आय. आय. टी. तील तीन तज्ज्ञांनी एकच उत्तर बरोबर ठरविले, आणि आरंभी पूर्ण गुण मिळविणारे जे ६७ विद्यार्थी होते त्यांतील ४४ जणांचे पूर्ण गुण ह्या एका प्रश्नाच्या आधारावर उभे होते असे दिसून आले. सुधारलेल्या अंतिम निकालात अग्रस्थानी १७ जण उरले. पुढे २०२५ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्राच्या एमएचटी-सीईटी परीक्षेत २७ तारखेच्या सकाळच्या सत्रात गणिताच्या २१ प्रश्नांत पर्यायांच्या चुका निघाल्या, आणि सुमारे सत्तावीस हजार विद्यार्थ्यांस ५ मे रोजी पुन्हा परीक्षेस बसावे लागले. निरनिराळ्या सत्रांतील पत्रिका कमीजास्त अवघड असतात म्हणून शतमान काढून त्या सारख्या करण्याची जी रीत आहे ती येथे उपयोगी पडत नाही. शतमान पत्रिकेचा उंचसखलपणा बुजविते; प्रश्नातला खड्डा बुजवीत नाही.

चूक निघाली की "प्रश्न रद्द, सर्वांस गुण" असा निकाल देण्यात येतो. हा न्याय दिसावयास उदार आहे, पण ज्या प्रामाणिक मुलाने त्या प्रश्नाचे उत्तर पर्यायांत सापडेना म्हणून सहा मिनिटे घाम गाळला आणि शेवटचे चार प्रश्न वेळेअभावी सोडले, त्याची भरपाई ह्यात नाही. जो तो प्रश्न न वाचताच पुढे गेला त्याचा मात्र फुकटचा लाभ. म्हणून प्रश्नाची परीक्षा मुलांच्या परीक्षेआधी व्हावयास हवी: निरनिराळ्या भागांतील थोड्या मुलांस तो आधी घालून पाहावा, आकडे काढावेत, मग छापावा. डॉ. कामतांनी जे केले ते हेच. पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद शिष्यवृत्ती परीक्षेची तात्पुरती उत्तरसूची प्रसिद्ध करून हरकती मागविते, ही रीत स्तुत्य आहे. अंतिम सूचीबरोबर प्रत्येक प्रश्नाचे काठिण्यमूल्य, भेदनमूल्य आणि प्रत्येक पर्याय शेकडा किती मुलांनी घेतला हे तीन आकडे छापले जावेत, अशी आमची सूचना आहे. उत्तरपत्रिका यंत्राने तपासल्या जातात. आकडे यंत्राच्या पोटात असतातच. ते बाहेर आले तर खेड्यातील शिक्षकासही कळेल की आपल्या मुलांस कोणत्या चकव्याने चकविले, आणि पालकांसही कळेल की आपल्या मुलीचा चुकलेला प्रश्न शेकडा पंचाऐंशी मुलांचा चुकला होता.

तोपर्यंत घरच्या न्यायसभेत एक सुधारणा सहज करता येईल. "हा का चुकलास?" असे विचारण्याऐवजी "तू कोणता पर्याय घेतलास, आणि तो का बरोबर वाटला?" असे विचारावे. मुलगा तानसेचे खोरे सांगू लागला तर आजोबांनी नकाशा काढावा. गंधकाचा वास सांगू लागला तर चूक त्याचीच, पण तिचे मूळ तरी हाती लागले.

ज्या शिक्षकबंधूंस आपल्या वर्गात हा प्रयोग करून पाहावयाचा असेल त्यांस यंत्राची जरुरी नाही. पत्रिका गुणांप्रमाणे लावून वरच्या व खालच्या अकरा काढाव्यात. कोऱ्या प्रश्नपत्रिकेच्या समासात प्रत्येक पर्यायापुढे वरच्यांसाठी निळ्या व खालच्यांसाठी तांबड्या पेन्सिलीने रेघा ओढाव्यात. पाचवी रेघ आडवी, किराणा दुकानातील हिशेबाप्रमाणे. मग प्रत्येक प्रश्न एकेका जाड कागदाच्या तुकड्यावर उतरवून पाठीमागे वर्ष व आकडे लिहून ठेवावेत. पन्नास प्रश्न व बावीस पत्रिका म्हणजे अकराशे नोंदी होतात. एकट्याने केल्यास एक अख्खी दुपार जाते. एकाने वाचावे आणि दुसऱ्याने रेघा ओढाव्यात, असे केले तर दोन तासांत आटोपते.